तालमीच्या रविवारी पुन्हा पोरं कशी येतील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका पेठेतलं तालीम मंडळ. मोठ्या पोरांचा फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर वरच्या गटात खेळतो, त्याला पाठीराखे आहेत, वर्गणीही जमते. पण लहान मुलांचा विभाग आटत चाललाय. चार वर्षांपूर्वी रविवारी सकाळी ७० मुलं यायची, आता १८ येतात, आणि त्यातली १४ तर चौदा वर्षांखालच्या संघात निवडलेलीच आहेत. ज्यांना संघात जायचं नाही किंवा ज्यांची निवड होणार नाही, ज्यांना नुसतं खेळायचंय, ती मुलं परत कशी आणायची? कोच बदलावा, अकॅडमी काढावी की नवीन कीट घ्यावं? विचारणाऱ्यांचा स्वतःचा भाचाही गेल्या वर्षापासून यायचा बंद झालाय.

आधी माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी २२ वर्षं पेठेतल्या पोरांना खेळवतोय आणि त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मी हे काम चुकीचं करत होतो. तेव्हा पुढचं वाचताना "याला काय कळतंय" असं वाटलं, तर ते त्या आठ-नऊ वर्षांपुरतं बरोबरच आहे.

कोच बदलू नका, अकॅडमी काढू नका, कीट तर अजिबात घेऊ नका. आधी जुनी हजेरीची वही काढा. त्या ७० मधली जी ५०-५५ मुलं गेली, त्यांच्या घरी फोन करा. मुलाला नाही, आईला. वडील सांगतील, "अभ्यास वाढलाय." आई खरं सांगते. आम्ही हे केलं तेव्हा चार संध्याकाळी चौघांनी मिळून ४१ फोन केले. मला वाटलं होतं मोबाइल आणि क्लास ही दोनच कारणं निघतील. क्लासचं निघालं, नाही असं नाही. पण सगळ्यात जास्त वेळा जे वाक्य ऐकलं ते असं होतं: "त्याला नुसतं उभं करतात हो." एका मावशींनी तर सांगितलं, "घरी आल्यावर पायमोजे बघते मी. इतर पोरांचे लाल मातीनं माखलेले, आमच्याचे पांढरे." त्या दिवशी मला झोप लागली नाही. कारण पायमोजे पांढरे ठेवणारा माणूस मीच होतो.

पुढच्या रविवारी मी एक प्रयोग केला. खिशात ४० आगकाड्या मोजून घेतल्या. नेहमीसारखा अकरा-अकरा जणांचा सामना लावला आणि उजव्या बाजूला उभ्या असलेल्या एका मध्यम कुवतीच्या पोरावर नजर ठेवली. त्याच्या पायाला बॉल लागला की एक काडी डाव्या खिशातून उजव्या खिशात. २५ मिनिटांत पाच काड्या गेल्या. त्यातल्या दोन वेळा त्यानं बॉल खेळला नव्हता, बॉल त्याला येऊन आपटला होता. म्हणजे पोरगं सकाळी साडेसहाला उठून, आईला डबा भरायला लावून, सायकल मारत मैदानावर आलं आणि तीन वेळा बॉलला पाय लावून घरी गेलं. सामन्याआधीचा अर्धा तास काय केलं? एका कोनमागे १४ पोरांची रांग. एकानं बॉल घेऊन वळणं काढत जायचं आणि परत यायचं, बाकीच्या तेरांनी पुढच्याची पँट खाली ओढायची. मग मी त्यांना "शिस्त नाही" म्हणून ओरडायचं.

त्याच्या पुढच्या रविवारी त्याच पोराला चार-चारच्या सामन्यात घातलं. मैदान तीस पावलं लांब, वीस पावलं रुंद. २० मिनिटांत माझ्या चाळीसच्या चाळीस काड्या संपल्या. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या काड्यांत आहे.

म्हणून पहिला बदल मैदानाच्या आखणीत करा. बारा वर्षांखालच्या कुणालाही अकरा-अकरा खेळवू नका. पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. नऊ वर्षांचं पोरगं त्यात उभं केलं की ते गोलकीपर राहत नाही, बुजगावणं होतं. अर्ध्या मैदानावर चार-चारची तीन मैदानं आरामात बसतात. एका वेळी २४ पोरं खेळतात, कुणी राखीव नाही, कुणी रांगेत नाही. फक्कीची एक गोणी महिनाभर पुरते. फक्की संपली असेल तर जुन्या चपला ठेवा. गोलाला दोन विटा चालतात, प्लंबरकडून पाइपचे तुकडे जोडून घेतले तर आणखी चांगलं. हलवता येणारा लोखंडी गोल मंडळात पडून असेल तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: मागच्या दांडीवर वाळूची पोती ठेवल्याशिवाय तो मैदानावर आणायचा नाही. पोरं दांडीला लोंबकळतात आणि गोल पुढं पडतो. असे अपघात होऊन जगात मुलं दगावलेली आहेत.

बॉलचं तेच. पाच नंबरचा बॉल मोठ्यांसाठी असतो, ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा. मोठ्या संघाचे टाकून दिलेले, पाणी पिऊन जड झालेले पाच नंबरचे बॉल लहानांच्या गळ्यात मारायची आपल्याकडं पद्धत आहे. आठ-नऊपर्यंत तीन नंबर आणि त्याच्यापुढं बारा-तेरापर्यंत चार नंबर द्या. जालंधर-मेरठचा साधा मोल्डेड बॉल आपल्या मातीत शिवणीच्या भारी बॉलपेक्षा जास्त टिकतो. कीटचे पैसे वाचवायला सांगितलं ते याच्यासाठी. दर दोन पोरांमागं एक बॉल, पंप आणि पंपाच्या चार पिना. पिन हरवली म्हणून रविवार वाया गेलेला मी स्वतः पाहिलाय. आणि हेडिंग नको. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी २०२० मध्येच प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग करायला लावू नका असं सांगितलंय. आपण पोरांना रांगेत उभं करून त्यांच्या डोक्यावर बॉल फेकत बसायची काही गरज नाही.

आता संघ कसे पाडायचे. दोन तगडी पोरं समोरासमोर उभी करायची आणि त्यांनी एकेक नाव मागायचं, ही गल्लीतली पद्धत गल्लीत ठीक आहे. मंडळाच्या रविवारी नको. शेवटी जो उरतो तो दर रविवारी तोच असतो, आणि तुम्ही फोन कराल तेव्हा त्याच्याच आईचा आवाज सगळ्यात थंड येईल. आम्ही टोपीत चिठ्ठ्या टाकतो. चिठ्ठीनं ठरलेला चौघांचा गट तीन रविवार तसाच ठेवतो, म्हणजे जरा ओळख होते, मग पुन्हा चिठ्ठ्या. गोलकीपर नसतोच. मोठ्या पोरांच्या सात-सातच्या सामन्यात असतो, पण तो दर पाच मिनिटांनी बदलतो, जाडा आहे म्हणून गोलात असं चालत नाही. सामना एकतर्फी व्हायला लागला तर हरणाऱ्यांना एक पोरगं वाढवून द्यायचं. वय बघून गट पाडता तेव्हा जन्मदाखल्यावर फार विसंबू नका. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच सालचे असले तरी दहाव्या वर्षी त्यांच्यात अकरा महिन्यांचं अंतर असतं, आणि त्या वयात तेवढ्यानं ताकदीत फरक पडतो. जगभर निवडीच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांची गर्दी दिसते ती याच कारणानं. नुसतं खेळायला आलेल्यांत अंगानं, धीरानं सारख्या पोरांना एकत्र ठेवा. आमच्याकडं बारा वर्षांचा एक लाजाळू मुलगा दोन महिने दहाच्या पोरांत खेळला आणि मग आपणहून वर गेला. कुणी हसलं नाही, कारण आम्ही गटांना वयाची नावं दिलीच नव्हती. रंगांची दिली होती.

गुणतक्ता लावू नका. इथं तुमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये आवाज चढणार हे मला माहीत आहे. आपली पेठच तशी आहे. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल ही कोल्हापूरच्या संघांची नावं घेतली की रक्त वेगळं धावतं, आणि तिथं "आम्ही कोण जिंकलं ते लिहून ठेवणार नाही" असं म्हटलं की लोक विचारतात, डोकं ठिकाणावर आहे का? त्यांना नॉर्वेचं सांगा. तिथं १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी देशभर लागू असलेले नियम आहेत आणि मूल ज्या वर्षी अकराचं होतं त्याच्या आधी निकालांचे तक्ते लावत नाहीत. गोलांचा पाऊस पाडणारा हालँड त्याच देशात, त्याच नियमांत लहानाचा मोठा झाला. जर्मनीनं तर २०२४-२५ च्या हंगामापासून सगळ्यात लहान गटांना दोन-दोन, तीन-तीन जणांचे सामने चार छोट्या गोलांवर खेळवायला सुरुवात केली आणि गुणतक्ते काढून टाकले. चार वेळा विश्वचषक जिंकलेला देश आहे तो, त्यांना जिंकायचं वावडं नाही. आणि पोरांची काळजी करू नका, त्यांना स्कोअर माहीत असतोच. सात-चार झालं हे त्यांच्या तोंडपाठ असतं. फक्त आंघोळ होईपर्यंत ते विसरलेले असतात, आणि आपण ते फळ्यावर लिहिलं तर विसरू देत नाही.

चार गोलांचा खेळ एकदा करून बघाच. प्रत्येक बाजूला दोन कोपऱ्यांत दोन छोटे गोल. एका गोलापुढं गर्दी झाली की पोरं आपोआप मान वर करून दुसरा बघायला लागतात. मी दहा वर्षं "मान वर, मान वर" म्हणून घसा कोरडा केला होता, ते काम दोन विटांनी केलं.

वेळ. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ क्लासवाल्यांनी घेतलीय, ती परत मिळणार नाही, भांडू नका. रविवार सकाळ हीच आपली. पण रविवारी सकाळी सातची चांगली वेळ आणि चांगलं मैदान आजवर कुणाला मिळायचं? निवडलेल्या संघाला. उरलेल्या पोरांना साडेनऊनंतर, ऊन चढल्यावर, क्रिकेटवाले स्टंप ठोकायला लागल्यावर. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ या "उरलेल्या" शब्दात आहे. मंडळं सरळ बोलतात तसं, "सिलेक्शन झालं, आता उरलेल्यांचं काय करायचं?" पोराला कळतं हो आपण उरलेल्यात आहोत ते. दहा वर्षांच्या पोराला सगळं कळतं. तेव्हा उलटं करा. रविवारी सात ते साडेआठ मैदान सगळ्यांचं. निवडलेले १४ पण त्यातच, त्याच चिठ्ठ्यांत. त्यांचा वेगळा सराव आठवड्यात दोन दिवस आहेच ना? त्यांचं काही बिघडत नाही. आमची उलट चांगली झाली, कारण चार-चारमध्ये लपायला जागा नसते.

हे मान्य करून घेताना एक मुद्दा हमखास येतो: "मग आपला अनिकेत जाधव कसा तयार होणार?" अनिकेत आपल्या कोल्हापूरचा, पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. अभिमान आहेच. पण त्या संघात अख्ख्या देशातून २१ पोरं होती. तुमच्या एकट्या मंडळात ७० होती. अनिकेतसारखं पोरगं तुमच्याकडं आलं तर ते तुम्हाला दिसेलच, त्याला लपवता येत नाही. बाकीच्या ६९ जणांचं गणित मी मंडळाच्या खजिनदारांना असं मांडून दाखवलं: शाहू स्टेडियमच्या गॅलरीत उन्हात बसून घसा फोडणारी ही हजारो माणसं कोण आहेत? बहुतेक सगळी कधी ना कधी गल्लीत, गांधी मैदानावर, शाळेच्या मागं खेळलेली आणि संघात न आलेली. वर्गणी तेच देतात, गणपतीत रात्रभर तेच जागतात. दहाव्या वर्षी पांढरे पायमोजे घेऊन घरी गेलेलं पोरगं पंचविसाव्या वर्षी वर्गणी देणार नाही. खजिनदारांना एवढं पटकन कधी काही पटलं नव्हतं.

माणसं कुठून आणायची? पगारी कोच एकच पुरे, तोही असला तर. आमच्या वरिष्ठ संघातल्या प्रत्येक खेळाडूनं हंगामात दोन रविवार लहानांना द्यायचे असं ठरलं. सुरुवातीला कुरकुर झाली, कारण शनिवारी सामना असला की रविवारी पाय उचलत नाहीत. पण ज्याला काल पाच हजार लोकांनी हाक मारली तो आज आपल्या बुटाची नाडी बांधतोय, हे पोराच्या तोंडावर बघण्यासारखं असतं. त्यांना फक्त एक सांगून ठेवा: शिकवू नका. खेळवा, मोजा, बॉल बाहेर गेला की दुसरा आत टाका. शिट्टीसुद्धा नको. खेळाडू शिकवायला लागला की तो त्याच्या कोचसारखं बोलतो, आणि त्याच्या कोचची भाषा आपल्याला माहीत आहे.

शिव्यांवरून आठवलं. फोनवर चार-पाच आयांनी हे कारण सांगितलं होतं. आपल्याकडं प्रेमानं शिवी देतात हे खरं, पण आठ वर्षांच्या पोराला प्रेम आणि शिवी वेगळी करता येत नाही. आम्ही मैदानापासून दहा पावलांवर दोरी बांधली. पालक दोरीच्या पलीकडं. पलीकडून टाळी चालेल, नाव घेतलेलं चालेल, "मार की रे", "पास दे की" चालणार नाही. पहिल्या दोन रविवारी दोरी दोनदा तुटली. एक गृहस्थ होते, स्वतः जुने खेळाडू, मुलाच्या प्रत्येक चुकीला कपाळावर हात मारायचे. ओरडायचे नाहीत, पण पोरगं बॉल लागला की आधी बापाकडं बघायचं. त्यांना मी बाजूला घेऊन समजावलं नाही, ते आपल्या माणसाला चालत नाही. मी त्यांच्या हातात फक्कीचा डबा दिला आणि तिसऱ्या मैदानाची जबाबदारी दिली, जिथं त्यांचा मुलगा नव्हता. आज पाच वर्षं तेच मैदान आखतात. दोऱ्या लावून, काटकोनात. त्यांच्याइतकी सरळ रेघ माझ्याकडं कुणाची येत नाही.

मुलींचं मात्र माझं पहिलं गणित चुकलं होतं. मला वाटलं "मुलींनीही यावं" असं बोर्डावर लिहिलं की झालं. तीन आल्या, एक राहिली. तिच्या आईला विचारलं तर तिनं मैदानाच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं, जिथं मुलं भिंतीला उभी राहतात. "हिनं कुठं जायचं?" तालमीत स्वच्छतागृह होतं, पण त्याची किल्ली गणपतीचं सामान ठेवणाऱ्याकडं आणि तो रविवारी दहाला उठणार. किल्लीची दुसरी प्रत करायला ३० रुपये लागले. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलं-मुली एकत्र खेळू द्या, काही अडत नाही. त्यानंतर ज्यांना हवा त्यांना वेगळा तास द्या, आणि तिथं एक तरी ताई किंवा आई मैदानावर असलीच पाहिजे. सगळ्याच मुलांसाठी हा नियम ठेवा की कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलासोबत एकटा नसेल. तालमीच्या खोलीत नाही, गाडीवर नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे. हे पहिल्या पालकसभेत मोकळेपणानं बोलून टाका. लोक नाराज होत नाहीत, उलट विश्वास टाकतात.

बुटांचा खर्च हे दुसरं गुपचूप कारण. स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट नसलेलं पोरगं सांगत नाही, "पाय दुखतोय" म्हणतं. आमच्या तालमीत आता कुस्तीच्या हौद्यात कुणी उतरत नाही, त्या खोलीत आम्ही फळ्या ठोकल्या आणि बुटांची मांडणी केली. पाय वाढला की जुने बूट आणून ठेवायचे, मार्करनं टाचेवर नंबर लिहायचा, आपल्या मापाचे घेऊन जायचे. कुणी आणले, कुणी नेले हे लिहायचं नाही. पहिल्या वर्षी कोळ्यांनी जाळी विणली होती त्या मांडणीवर, कारण न्यायला कुणी पुढं येईना. मग वरिष्ठ संघाच्या गोलकीपरनं आपल्या लहानपणीची एक जोडी आणून ठेवली आणि रांग लागली. तोपर्यंत, रविवारी कॅनव्हासचे बूट घालून किंवा अनवाणी खेळणाऱ्यालाही घ्या. चार-चारमध्ये स्टडची सक्ती नको, एका अर्थी स्टड नसलेलेच बरे.

फी घ्या, पण हंगामाची एकदाच आणि पेठेतल्या कुणालाही देता येईल एवढीच. आम्ही एकदा उन्हाळी शिबिर फुकट ठेवलं. पहिल्या दिवशी ९०, पाचव्या दिवशी ३०. ज्यांना ती फी पण जड आहे त्यांची मंडळानं भरावी, आणि ती यादी एकाच माणसाच्या खिशात असावी.

वर्षभर चालवायचा हट्ट सोडा. जूनपासून पावसाळा, मैदानात पाणी, मग गणपती, तेव्हा तुमची मोठी पोरं मंडपात, मग नवरात्र, दिवाळी, आणि मार्चमध्ये परीक्षा. दिवाळीनंतरचे दहा रविवार हा पहिला हंगाम. परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेचे सहा आठवडे हा दुसरा. दहा रविवार म्हणजे दहाच. संपले की संपले, शेवटच्या दिवशी मिसळ. पोरांना "अजून पाहिजे होतं" असं वाटत असतानाच थांबवलं तर ती पुढच्या हंगामाला येतात. पावसात मात्र एखाद्या रविवारी कुणाला न सांगता बॉल घेऊन चिखलात जाऊन बघा. माझ्या २२ वर्षांत सगळ्यात जास्त हसणं मी तिथं ऐकलंय.

एक चूक सांगतो, ती तुम्ही करणारच, पण निदान एकदाच करा. उत्साहाच्या भरात आम्ही दुसऱ्या वर्षी लहान मुलांची "भव्य" स्पर्धा घेतली. १६ संघ, फ्लेक्स, चषक, प्रमुख पाहुणे. पाहुणे दीड तास उशिरा आले, तोवर पोरं उन्हात रांगेत. बाद फेरी असल्यामुळं निम्मे संघ सकाळी साडेनऊला घरी गेले. अंतिम सामन्यात दोन पालक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. पेपरात फोटो छान आला. पुढच्या रविवारी हजेरी ३८ वरून २२. २०१७ साली विश्वचषकाच्या निमित्तानं सरकारनं एका दिवसात राज्यातली दहा लाख मुलं फुटबॉल खेळतील असा उपक्रम घेतला होता. तो दिवस खरंच मजेचा होता, पण पोरगं एका दिवसानं टिकत नाही, पुढच्या रविवारी आपल्यासाठी चौथी जागा रिकामी आहे हे त्याला माहीत असलं की टिकतं. स्पर्धा हवीच असेल तर हंगामाच्या शेवटी सगळ्यांनी सारखे सामने खेळायचे, बाद कुणी नाही, पाहुण्यांना बोलवायचं असेल तर खेळायला बोलवा.

यश कशावरून मोजायचं हे मंडळाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात कुणीतरी विचारेल, "यातनं संघात किती आले?" आम्ही फक्त दोन गोष्टी वहीत लिहितो. चौथ्या रविवारची हजेरी, आणि गेल्या हंगामातली किती पोरं या हंगामात परत आली. पहिल्या रविवारची हजेरी लिहायची नाही, ती भुलवते. जे पोरगं लागोपाठ दोन रविवार आलं नाही त्याच्या घरी त्याच दिवशी संध्याकाळी फोन जातो, "का आला नाहीस" असा नाही, "तुझ्या गटात तिघंच होते" असा.

तुमच्या भाच्याला मी ओळखत नाही, पण त्याला "येतोस का" असं विचारू नका. तो नाही म्हणेल. त्याला सांगा की तीन नंबरच्या आठ बॉलमध्ये हवा भरायचीय आणि पंप जड चालतो.

सुरुवात दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी नको, तेव्हा निम्मी पोरं मामाच्या गावाला असतात. दुसऱ्या रविवारी करा. आणि हजेरीची जुनी वही सापडत नसेल तर जर्सी वाटपाची यादी शोधा. हजेरी हरवते, पण ती यादी प्रत्येक मंडळात जपून ठेवलेली असते, कारण पैसे द्यायचे राहिलेल्यांच्या नावापुढं त्यात लाल फुली असते. फोन फुलीवाल्यांपासून सुरू करा, आणि पैशाचा विषय काढू नका.